घर जोत्यावरून घसरू नये म्हणून : नोंदणीपासून चेकपर्यंतचे नऊ महिने

आमचं घर १९५२ सालचं, लाकडी, एकमजली, हेवर्ड फॉल्टपासून (भूकंप होतो ती जमिनीतली भेग) सरळ रेषेत दीडेक मैलावर. कॅलिफोर्नियाच्या अलमीडा काउंटीतल्या कितीतरी मराठी कुटुंबांची घरं याच वयाची आणि याच घडणीची आहेत, म्हणून सरकारी अनुदान घेऊन घर जोत्याला कसं बांधून घेतलं ते सविस्तर लिहून ठेवतेय. भूकंपाच्या तयारीचा विषय निघाला की बोलणं लगेच टॉर्च, बॅटऱ्या आणि बिस्किटांच्या पुड्यांवर जातं. ते सगळं हवंच, पण त्याआधी घराखाली उतरायला हवं.

हेवर्ड फॉल्टवरचा शेवटचा मोठा भूकंप २१ ऑक्टोबर १८६८ चा, सुमारे ६.८ तीव्रतेचा. १९०६ येईपर्यंत 'सॅन फ्रान्सिस्कोचा मोठा भूकंप' म्हणजे हाच. अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्याच्या अंदाजानुसार २०१४ ते २०४३ या ३० वर्षांत बे एरियात (सॅन फ्रान्सिस्को खाडीच्या परिसरात) ६.७ किंवा त्याहून मोठा भूकंप होण्याची शक्यता ७२ टक्के आहे आणि त्यातला सर्वांत मोठा वाटा याच फॉल्टचा. फॉल्ट एरवीही गप्प नसतो, वर्षाला काही मिलिमीटर सरकतच असतो. हेवर्ड गावात रस्त्याकडेचा एक कर्ब मधोमध तुटून दोन्ही बाजू एकमेकींपासून सरकलेल्या दिसायच्या. भूगर्भवाले वर्षानुवर्षं त्याचे फोटो काढत होते. २०१६ साली पालिकेने तिथे व्हीलचेअरसाठी उतार करताना तो काढून टाकला.

आपल्याला भूकंप म्हटलं की किल्लारी आठवतं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे तिथे माणसं गेली ती जाड दगडमातीच्या भिंती आणि जड छतांखाली. इथलं लाकडी घर त्या अर्थाने पडत नाही. हलकं असतं, वाकतं, सांभाळून घेतं. त्याचं दुखणं वेगळं. ते जोत्यावरून घसरतं. काँक्रीटच्या जोत्यावर एक आडवी फळी असते, तिला मडसिल म्हणतात. तिच्यावर दोन-तीन फूट उंचीची बुटकी लाकडी भिंत, ती क्रिपल वॉल. जमिनीचे वासे त्या भिंतीवर टेकतात आणि वर आपण राहतो. जुन्या घरांत मडसिल जोत्याला धड बांधलेली नसते आणि बुटकी भिंत नुसत्या उभ्या दांड्यांची असते. आडवा हिसका बसला की ती पत्त्यांसारखी कलंडते आणि आख्खं घर दोन-तीन फूट खाली येऊन बसतं. गॅसची नळी तुटते ती तेव्हाच.

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात क्रॉल स्पेसचं, म्हणजे घराखालच्या रांगत जायच्या पोकळीचं झाकण उघडलं. अंगात जुना ओव्हरऑल, तोंडाला एन-९५ मास्क, गुडघ्यांना पॅड, डोक्याला दिवा, हातात लांब स्क्रू-ड्रायव्हर. आत ताठ बसताही येत नाही. एकटं जाऊ नका, वर कोणीतरी असू द्या. बघायचं एवढंच : मडसिलमधून वर आलेले बोल्ट दिसतात का, किती फुटांवर आहेत, त्यांचे वॉशर केवढे आहेत. आमच्याकडे तीन बाजूंना सहा-सहा फुटांवर बोल्ट होते, वॉशर मात्र रुपयाएवढे गोल. चौथ्या बाजूला एकही नव्हता. लाकडात स्क्रू-ड्रायव्हर टोचून पाहायचा. अर्ध्या इंचाहून जास्त सहज आत गेला तर लाकूड कुजलंय किंवा वाळवी लागलीय. काँक्रीटवरही टोकाने ओढून पाहायचं. वाळू सुटून आली तर जोतं कमकुवत आहे आणि साधे बोल्ट त्यात धरणार नाहीत. आणखी एक गोष्ट महत्त्वाची. त्या काळच्या हीटिंगच्या डक्टवर पांढरी कापडी पट्टी गुंडाळलेली असेल तर तिला हात लावू नका, बहुधा ॲस्बेस्टॉस असतं.

त्याच आठवड्यात 'अर्थक्वेक ब्रेस अँड बोल्ट' या सरकारी योजनेत नाव नोंदवलं. ठरावीक झिप कोडमधल्या, उंचावलेल्या जोत्याच्या जुन्या घरांना या कामासाठी ३,००० डॉलरपर्यंत अनुदान मिळतं. उत्पन्न कमी असेल तर पूरक अनुदानही असतं. नोंदणी वर्षातून काही आठवडेच उघडते, महिना दरवेळी तोच असेल असं नाही, आणि निवड सोडतीने होते. पहिल्या दिवशी रात्री बारा वाजता फॉर्म भरून काही फायदा नाही. शेवटच्या दिवशी भरणाऱ्याचीही चिठ्ठी त्याच पेटीत पडते. फॉर्म दहा मिनिटांचा आहे. घराचं बांधकाम वर्ष काउंटीच्या असेसरच्या (मालमत्तेचं मूल्य ठरवणाऱ्या अधिकाऱ्याच्या) नोंदीत असेल तेच लिहा, घर दाखवताना एजंट म्हणाला होता ते नको.

मग दहा आठवडे काहीच नाही. या काळात घरातली कामं उरकली.

सगळ्यात आधी जड, उंच वस्तू. इथली भिंत ड्रायवॉलची, म्हणजे आत जिप्सम आणि बाहेर कागद. नुसत्या ड्रायवॉलमधला स्क्रू भूकंपात लोण्यातून सुरी निघावी तसा निघतो. मागचा लाकडी स्टड, म्हणजे भिंतीतला उभा दांडा शोधायचा (बहुतेक घरांत ते १६ इंचांवर असतात) आणि त्यातच तीन इंची स्क्रू घालून कपाटाचं वरचं टोक दोन्ही बाजूंनी बांधायचं. पुस्तकांचं कपाट, फ्रीज, टीव्ही, कपड्यांचं ड्रॉवर. देव्हाऱ्यातल्या मूर्तींखाली म्युझियम पुटीचे (वस्तू जागी धरणाऱ्या चिकट लांबीचे) वाटाण्याएवढे गोळे लावले. पूजेच्या वेळी मूर्ती हलकेच पिळून उचलली की सुटते. स्वयंपाकघरात काचेच्या बरण्या खालच्या कप्प्यात आल्या, स्टीलचे डबे वर गेले, वरच्या कपाटांना लहान मुलांसाठी मिळतात तशा खिट्या बसल्या. पलंगाच्या डोक्याशी असलेली जड फ्रेम काढली. हे सगळं मिळून १४० डॉलर आणि तीन शनिवार.

पलंगाच्या पायाला एक पिशवी बांधली आहे. तिच्यात जाड तळाचे जुने बूट आणि टॉर्च. रात्री भूकंप झाला की लोक अनवाणी उठतात आणि फुटलेल्या काचांनी पाय कापून घेतात. पिशवी बांधायची ती अशासाठी की सुटे बूट हादऱ्याने खोलीच्या पार दुसऱ्या टोकाला जातात.

पाण्याचा हिशेब : माणशी दिवसाला एक गॅलन. तीन दिवस ही किमान मर्यादा. इथे दोन आठवड्यांची सोय ठेवायला सांगतात. चार माणसं, चौदा दिवस, ५६ गॅलन. ५५ गॅलनचं निळं पिंप मोहात पाडतं, पण भरल्यावर ते दोनशे किलोंच्या वर जातं आणि मग जागचं हलत नाही. वर उपसायचा पंप वेगळा घ्यावा लागतो. त्यापेक्षा सात गॅलनचे आठ कॅन बरे. भरलेला एक कॅन २६-२७ किलोंचा होतो, दोघांत उचलता येतो आणि एक फुटला तर सात वाचतात. फूड-ग्रेड प्लॅस्टिक हवं. दुधाचे गॅलन धुऊन वापरू नका, कितीही धुतले तरी आत स्निग्धांश राहतो आणि पाण्याला वास मारतो. नळाच्या पाण्यात मुळात जंतुनाशक असतं, त्यामुळे स्वच्छ कॅनमध्ये भरताना वेगळं काही घालायला नको. शंकास्पद पाणी शुद्ध करायचं झालं तर बिनवासाचं साधं ब्लीच, ६ टक्क्यांचं असेल तर गॅलनला आठ थेंब, ८.२५ टक्क्यांचं असेल तर सहा, आणि अर्धा तास थांबायचं.

मार्चअखेर ईमेल आला, सोडतीत नाव लागलं होतं. आनंद झाला आणि लगेच मुदतीचं दडपण आलं, कारण तिथून घड्याळ सुरू होतं. या टप्प्यावर एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा : परवाना, कामाआधीचे फोटो आणि डब्ल्यू-९ हा कराचा फॉर्म अपलोड होऊन 'काम सुरू करा' असा निरोप येईपर्यंत एकही बोल्ट मारायचा नाही. आधी सुरू केलंत तर अनुदान गेलं.

कंत्राटदार योजनेच्या यादीतलाच लागतो. स्वतः काम करायचीही मुभा आहे, पण मला ती झेपणारी नव्हती. सात जणांना फोन केले, चौघे आले, तिघांची कोटेशनं मिळाली : ९,१००, ७,४०० आणि ५,२०० डॉलर. शेवटचं पाहून हुरळून जाणार होते, तेवढ्यात ओळी वाचल्या. त्यात फक्त बोल्ट होते, प्लायवूड नव्हतं. बोल्ट मडसिलला जोत्याशी बांधतात, बुटकी भिंत कलंडायची थांबते ती प्लायवूडने. नुसते बोल्ट मारले आणि प्लायवूड सोडलं तर घर घसरणार नाही, फक्त कोसळेल. कोटेशनमध्ये तीन गोष्टी वेगवेगळ्या मागा : बोल्ट किती, प्लायवूड किती फूट, आणि वाशांना भिंतीच्या वरच्या फळीशी जोडणाऱ्या लोखंडी क्लिपा किती. हा तिसरा सांधा बरेच जण गाळतात. मी ७,४०० वाल्याला होकार दिला, मुख्यतः तो स्वतः घराखाली तासभर राहिला म्हणून. ९,१०० वाल्याने झाकणातून टॉर्च मारून आकडा काढला होता.

परवान्यात पाच आठवडे गेले. बुटकी भिंत चार फुटांच्या आत आणि जमीन सपाट असेल तर बे एरियात वापरतात तो तयार नमुना-आराखडा चालतो, इंजिनिअरची गरज नसते. तरी पालिकेच्या खिडकीवरून पहिला अर्ज परत आला. आराखड्यावर हवेच्या झरोक्यांच्या जागा दाखवल्या नव्हत्या. दुसऱ्यांदा आम्ही हाताने काढलेला नकाशा जोडला, तेव्हा वेगळ्याच कर्मचाऱ्याने वेगळीच शंका काढली. मग फोन सोडून सकाळी उघडायच्या वेळेला समक्ष गेले, छापील कागद घेऊन. वीस मिनिटांत काम झालं. फी ४१० डॉलर.

त्या पाच आठवड्यांत वॉटर हीटर बांधला. ५० गॅलनची टाकी भरलेली असताना पाणीच १९० किलो असतं आणि ती तीन बारीक पायांवर उभी असते. कॅलिफोर्नियात ती बांधणं कायद्याने सक्तीचं आहे आणि अनुदानाच्या फोटोंतही हा फोटो मागतात. दोन पट्ट्या हव्यात, एक वरच्या तिसऱ्या भागात, एक खालच्या. खालची पट्टी कंट्रोलच्या किमान चार इंच वर. आमच्या जुन्या टाकीला एकच पट्टी होती, तीही सैल, आणि तिचा स्क्रू ड्रायवॉलमध्येच. पट्टी टाकीभोवती दीड वेढा घेऊन दोन्ही बाजूंच्या स्टडमध्ये जायला हवी. टाकी आणि भिंत यांच्यामध्ये फट असेल तर लाकडाचा ठोकळा घाला, नाहीतर टाकी मागे आपटून पट्टी तोडते. गॅसची जोडणी लवचिक नळीची असावी. किट २८ डॉलरचं. बांधलेली टाकी म्हणजे ५० गॅलन पिण्याचं पाणी. गॅस बंद करायचा, थंड पाण्याचा वरचा व्हॉल्व्ह बंद करायचा, वर एखादा गरम पाण्याचा नळ उघडायचा आणि खालच्या तोटीतून काढायचं. आधी पाणी निवू द्या.

गॅस मीटरपाशी पाना टांगला आहे, बारा इंची. मीटरआधीच्या नळीवर चपटी चावी असते. ती नळीच्या दिशेत असली की चालू, पाव फेरा देऊन आडवी केली की बंद. भूकंप झाला म्हणून सरसकट बंद करायचा नसतो. वास आला, फुसफुस ऐकू आली किंवा सगळं बंद असताना मीटरचा काटा पळत असेल तरच. एकदा बंद केला की पुन्हा कंपनीच्या माणसानेच चालू करायचा आणि मोठ्या भूकंपानंतर त्या माणसाला यायला दिवसच्या दिवस लागू शकतात. हादऱ्याने आपोआप बंद होणारा व्हॉल्व्हही मिळतो. तो आम्ही बसवला नाही, कारण घरात सहसा कोणीतरी असतं. घर दिवसभर रिकामं राहत असेल तर मी तो जरूर बसवीन.

काम जूनच्या शेवटच्या सोमवारी सुरू झालं, चार दिवसांत संपायचं होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी कंत्राटदाराने वर येऊन हातावर लाकडाचा भुगा दाखवला. बोल्ट नसलेल्या चौथ्या बाजूची मडसिल बारा फूट पोखरलेली होती. माझा स्क्रू-ड्रायव्हर तिथवर पोचलाच नव्हता, मध्ये डक्ट होता. नवी फळी, ती टाकताना घर तोलून धरायचे जॅक, वाळवीचा उपचार : १,१५० डॉलर आणि नऊ दिवस. जुन्या घरात एवढी रक्कम आधीच बाजूला काढून ठेवा.

बाकीचं काम पाहण्यासारखं होतं. जिथे वरून भोक पाडायला उंची होती तिथे उभे बोल्ट, प्रत्येकावर तीन इंची चौकोनी, पाव इंच जाड वॉशर. गोल लहान वॉशरच्या दोन्ही बाजूंनी लाकूड चिरतं, म्हणून हा बदल. जुन्या बोल्टांचेही वॉशर बदलून घेतले. जिथे उंची नव्हती तिथे जोत्याच्या बाजूला बसणाऱ्या लोखंडी प्लेटा. सगळे मिळून २६. काँक्रीट थोडं मऊ लागलं तिथे एपॉक्सीचे, म्हणजे घट्ट होणाऱ्या गोंदाने बसवायचे बोल्ट घेतले. त्यात खरी मेख भोक साफ करण्यात असते : ब्रश, हवा, पुन्हा ब्रश, पुन्हा हवा. आत धूळ राहिली तर एपॉक्सी धुळीला चिकटतं, काँक्रीटला नाही. प्लायवूड १५/३२ इंची, स्ट्रक्चरल. आमच्या आराखड्यात प्रत्येक बाजूची दोन्ही टोकं आणि लांबीचा किमान निम्मा भाग झाकायचा होता. मडसिल उभ्या दांड्यांपेक्षा रुंद असल्याने प्लायवूड तिला थेट टेकत नाही, म्हणून दांड्यांच्या मधे मडसिलवर ठोकळे ठोकावे लागतात. या ठोकळ्यांत खिळे एका रांगेत मारले की लाकूड फाटतं, मागेपुढे मारावे लागतात. दोन दांड्यांमधल्या प्रत्येक गाळ्याला वर आणि खाली हवेसाठी गोल भोक, नाहीतर आतलं लाकूड कुजतं. जोत्यातले जुने झरोके झाकायचे नाहीत.

तपासणीला इन्स्पेक्टर बाई आल्या आणि त्याही खाली रांगत गेल्या. खिळे कडेला चार-चार इंचांवर होते, ठीक. पण उत्तरेच्या दोन फळ्यांवर बोट फिरवून म्हणाल्या, "हे आत गेलेत." खिळ्याची गन जास्त दाबावर चालली की डोकं प्लायवूडचा वरचा थर फोडून आत जातं आणि फळीची ताकद घटते. डोकं पृष्ठभागाशी समतल हवं. दोन्ही फळ्यांवर मध्ये-मध्ये नवे खिळे हातोडीने मारून घेतले, चार दिवसांनी पुन्हा तपासणी, जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात सही. फळ्या लागल्यानंतरचे फोटो मात्र तुम्ही स्वतः काढा, प्रत्येक बाजूचे, टेप धरून. कंत्राटदाराच्या फोनमधले फोटो अंधुक होते, योजनेकडून परत आले आणि त्यात दोन आठवडे गेले.

चेक सप्टेंबरच्या मध्यावर पोस्टाने आला. हिशेब : काम ७,४००, वाळवी १,१५०, परवाना ४१०. एकूण ८,९६०, त्यातून ३,००० वजा. खिशातून ५,९६० डॉलर. कराचं काय, ते आपल्या सीपीएला (हिशेबनिसाला) विचारून घ्या.

विम्याचं थोडक्यात. घराच्या नेहमीच्या विम्यात भूकंप धरत नाहीत, वेगळी पॉलिसी लागते. बहुतेकांची कॅलिफोर्निया अर्थक्वेक ऑथॉरिटीची असते. तिच्यात वजावट (नुकसानीतला आपण सोसायचा भाग) टक्क्यांत असते, ५ ते २५. घर पुन्हा बांधायचा खर्च सहा लाख धरला आणि वजावट १५ टक्के असेल, तर पहिले ९०,००० आपले. म्हणजे हा विमा भेगा बुजवायला नाही, घर गेलं तरच. जोतं मजबूत केल्याचा दाखला दिला तर जुन्या घराच्या हप्त्यात २५ टक्क्यांपर्यंत सवलत मिळते. तो फॉर्म कंत्राटदाराकडून सही करून घ्यायचा असतो, शेवटचा हप्ता देण्याआधी घ्या. नंतर फोन उचलत नाहीत.

बोल्टने सगळं सुटत नाही. १९८९ च्या लोमा प्रिएटा भूकंपात ६३ माणसं गेली, त्यातली ४२ ओकलंडला, सायप्रस व्हायडक्ट या दुमजली उड्डाणपुलाचा वरचा मजला खालच्यावर बसला तिथे. केंद्र दूर होतं, पण खालची जमीन खाडीच्या चिखलाची होती. राज्याच्या भूगर्भ खात्याच्या नकाशात आपला पत्ता घालून हादऱ्याने ओली जमीन चिखलासारखी पातळ होण्याच्या पट्ट्यात घर आहे का ते पाहा. असेल तर पैसे खर्च करण्याआधी इंजिनिअरला विचारा. आणि टेकड्यांवर राहत असाल तर तुमची पहिली काळजी आग आहे, १९९१ ला ओकलंडच्या टेकड्यांवर २५ माणसं गेली. आपला स्थलांतराचा झोन क्रमांक आणि बाहेर पडायचे दोन रस्ते पाठ हवेत. काउंटीच्या एसी अलर्ट या आणीबाणीच्या निरोप-सेवेला नाव नोंदवा, फोनवर मायशेक हे भूकंपाचा इशारा देणारं ॲप घ्या. इशारा काही सेकंदांचा असतो, तेवढ्यात टेबलाखाली जाऊन त्याचा पाय धरायचा. किल्लारीच्या आठवणीने बाहेर धावू नका. इथे विटांची धुराडी बाहेरच्या बाजूला पडतात.

अन्नाचं कोणी विचारलं की मी आधी सांगते, डाळ-तांदूळ विसरा, त्यांना पाणी, इंधन आणि वेळ तिन्ही लागतं. सातूचं पीठ आणि गूळ, खाकरे, शेंगदाणे, चुरमुरे, पातळ पोहे. पोहे पाण्याच्या हबक्यावर होतात. कॅम्पिंगची शेगडी असेल तर ती बाहेरच पेटवायची, गॅरेजमध्येही नाही. औषधं दोन आठवड्यांची, पासपोर्ट आणि ओसीआय कार्डाच्या (परदेशस्थ भारतीयांच्या ओळखपत्राच्या) प्रती, लहान नोटांत रोख. फोन लागत नाहीत तेव्हा एसएमएस जातात, म्हणून सगळ्यांनी निरोप द्यायचा माणूस राज्याबाहेरचा ठेवा. शाळेच्या कार्डावर मुलाला न्यायला येऊ शकणाऱ्यांची नावं तपासा. आमच्या कार्डावर तीन वर्षांपूर्वी टेक्ससला गेलेले शेजारी होते.

पाणी सहा महिन्यांनी बदलायचं असतं. तारखा लक्षात राहत नाहीत, म्हणून कॅनवर मार्करने 'पाडवा' आणि 'दसरा' लिहिलंय. खंडेनवमीला मीटरवरचा पाना खाली आला, गंज पुसला, तेल दिलं, हळदकुंकू लावलं आणि परत टांगला. जुनं पाणी कढीपत्त्याला घातलं.